एकट्याची सही

"रविवारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि जेवताना ऑफिस काढायचं नाही," असं आईने थोरलीला फोनवर बजावलं होतं आणि धाकट्याला स्वयंपाकघरातून ओरडून. दोघांनीही बरं म्हटलं. पण या घरात ऑफिस सोडून बोलण्यासारखं दुसरं काही कधी नव्हतंच. नानांची सगळी नोकरी इमारत परवाना कार्यालयात गेली. आई तिथेच टेलिफोन ऑपरेटर होती, आणि त्यांचं लग्न जमलं तेही त्या इमारतीच्या जिन्यात. धाकटा वडिलांच्याच विभागात चिकटला आणि आता त्याचा प्रमुख होता, शिवाय कर्मचारी संघटनेचा अध्यक्ष. थोरली मोठी परीक्षा देऊन वरच्या कचेरीत गेली, दहा खाती हिंडली, आणि शेवटी तिच्या पदरात काम पडलं ते याच कार्यालयाच्या सुधारणेचं.

ती पोचली तेव्हा दुपार झाली होती, तरी धुकं उठलं नव्हतं. सरकारी वसाहतीतल्या इमारतींचे खालचे मजले तेवढे दिसत होते. वरचे जणू अजून मंजूर व्हायचे होते. दार उघडंच होतं. नाना खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. हल्ली ते बराच वेळ असे बसत. झोपलात का म्हणून विचारलं तर म्हणत, "नाही, जरा आत जाऊन आलो."

"आलीस?" डोळे न उघडताच त्यांनी विचारलं. "बाहेर दिसतंय का काही?"

"काही नाही. समोरून येणारा माणूस एकदम अंगावरच येतो."

"मला आवडतं असं. लांबूनच ओळख द्यावी लागत नाही."

पहिले चार घास सगळ्यांनी आईचं ऐकलं. मग धाकटा ताटाकडे बघत म्हणाला, "उद्या सही होणार म्हणे."

"तू काम बंद करणार म्हणे," थोरली म्हणाली.

आईने पाण्याचा जग जरा जोरात ठेवला. कुणी लक्ष दिलं नाही.

घर बांधून झालं की त्यात राहायला जाण्याआधी परवाना लागायचा आणि त्या परवान्यावर नऊ सह्या. थोरलीच्या आदेशाने त्यातली एकच राहणार होती. एका अधिकाऱ्याने जागेवर जायचं, घर बघायचं, सही करायची. आदेश तयार होता. सोमवारी सचिवांची सही झाली की लागू. पण शुक्रवारी सचिवांनी तिला बोलावून चहा पाजला होता आणि अगदी मायेने म्हणाले होते, "मॅडम, संपाची नोटीस आली की माझा हात आखडतो. तुमचे बंधूच आहेत ना अध्यक्ष? घरातल्या घरात मिटवा की."

"तू काय काढतेयस ते तुला कळतंय का?" धाकटा म्हणाला.

"आठ सह्या."

"आठ विभाग. माणसं आहेत तिथे."

"एकाचीही नोकरी जात नाहीये. आदेशात पहिलंच कलम ते आहे."

"नोकरी राहील, काम जाईल. सकाळी डबा घेऊन यायचं आणि संध्याकाळी तसंच परत जायचं. ताई, माणूस त्याने जास्त खचतो. आमच्यातल्या कित्येकांनी त्या एका सहीवर मुलांची लग्नं जमवलीत. 'आमचे बाबा सही करतात,' असं सांगून."

"आणि माझ्या आईने त्या सहीपायी काय काय सोसलं तेही सांगा ना," धाकट्याची बायको, या घरची सून, म्हणाली.

ती एवढा वेळ गप्प होती. तिच्या आईने आयुष्यभर पै पै साठवून गावाच्या कडेला दोन खोल्यांचं बैठं घर बांधलं होतं. गुडघे गेले होते, म्हणून एकही पायरी नसलेलं. ते घर बांधून, रंगवून, कुलूप लावून उभं होतं, आणि ती म्हातारी अजून भाड्याच्या खोलीत वरच्या मजल्यावर राहत होती. अर्ज दिला तेव्हा ती काठीशिवाय चालायची. आता दवाखान्यात न्यायचं तर शेजारची दोन मुलं तिला खुर्चीसकट खाली आणत.

"तुझ्या आईचा अर्ज माझ्या टेबलावर आला तेव्हा मी हात लावला नाही," धाकटा म्हणाला. "नातं आहे. मी तो शेजारच्या टेबलावर दिला."

"आणि शेजारच्या टेबलाने काय केलं?"

धाकट्याचा चेहरा पडला. "साहेबांच्या सासूबाईंचा म्हणून त्याने जास्तच बारकाईने बघितला. आणि परत पाठवला."

थोरलीला हसू आलं, पण सुनेकडे बघून तिने ते गिळलं.

तेवढ्यात नाना म्हणाले, "दुसरी तपासणीही काढतेस?"

दुसरी तपासणी नानांनी आणली होती. कार्यालयात अजून तिला नानांची पायरी म्हणत, आणि धाकटा त्याच विभागाचा प्रमुख होता.

"तीही, नाना," थोरली हळू म्हणाली.

"बरं." त्यांनी ताट बाजूला सारलं. अर्धं जेवण तसंच होतं. उठून हात धुतले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन डोळे मिटले.

"झालं तुझं समाधान?" धाकट्याने बहिणीला विचारलं.

*

स्वयंपाकघरात सून भांडी विसळत होती आणि आई पुसून मांडत होती. खिडकीला धुकं इतकं चिकटलं होतं की आत पाण्याखाली असल्यासारखा उजेड होता. सुनेला वाटलं, सासूबाई आता आपल्याला बोलणार. जेवणाच्या पाटावर आपण नवऱ्याला उलटून बोललो होतो, तेही नणंदेसमोर.

आई म्हणाली, "तुला एक सांगू? मी त्या बोर्डावर बसायचे ना, तेव्हा दिवसभर एकच प्रश्न. 'आमचं काम कुठवर आलं हो?' मी तार जोडून द्यायचे. तिथला सांगायचा, माझ्याकडे नाही, पुढे गेलं. मग पुढे जोडायचे. तो म्हणायचा, मागे पाठवलं. फिरून फिरून माणूस पुन्हा माझ्याच कानात. 'बाई, तुम्हीच सांगा.'"

"मग तुम्ही काय सांगायचा?"

"थोडं थांबा म्हणायचे. दुसरं काय सांगणार?" आईने एक वाटी पुसायला घेतली आणि ती पुसतच राहिली. "एक जण होता. नाव विचारायची गरजच नव्हती, आवाजावरून ओळखायचे मी त्याला. पहिल्यांदा फोन आला तेव्हा तरणाताठा होता, घाईघाईने बोलायचा, मध्येच हसायचा. मग हळूहळू आवाज जाड झाला, मग दम लागायला लागला. मला दिसायचं ना, अगं, तो माझ्या कानात म्हातारा होत होता. चेहरा मात्र कधी बघितला नाही. एक दिवस फोन आला तो बाईचा. म्हणाली, आता नको. एवढंच."

सुनेने नळ बंद केला. "हे तुम्ही नानांना कधी सांगितलंत?"

"त्यांना? ते बिचारे शिडी घेऊन गावभर छपरं चढत फिरायचे. त्यांना वाटायचं, आपण जीव वाचवतोय. वाचवतच होते. मी काय सांगू?"

"मग तुम्ही ताईंच्या बाजूने आहात."

"मी कुणाच्या बाजूने नाही," आई म्हणाली आणि ती वाटी एकदाची फळीवर ठेवली. "पण तू जेवताना बोललीस ते बरं केलंस."

सुनेने ओल्या हातानेच सासूचा हात धरला. बाहेरच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि नानांचं बोलणं ऐकू आलं, "उशीर झाला. अरे, उशीर झाला की मला!"

दोघी बाहेर आल्या तेव्हा ते बूट चढवत होते.

"नाना, आज रविवार आहे," धाकटा म्हणाला.

"माहीत आहे मला. रविवारी गर्दी नसते." त्यांनी वर बघितलं. ते अजून झोपेत आहेत की जागे आहेत हे कुणालाच नीट कळेना. "येताय का कुणी? मला माझी पायरी बघायची आहे. काढण्याआधी."

थोरलीने भावाकडे बघितलं. जेवताना जे काही झालं ते बाजूला ठेवून दोघांनी एकदमच वडिलांचा एकेक हात धरला. आईने नानांच्या खांद्यावर शाल टाकली. सुनेने दाराला कुलूप लावलं.

*

रस्ता नानांच्या पायांना पाठ होता. धुक्यात दुकानांच्या पाट्या दिसत नव्हत्या, तरी ते न चुकता वळत होते. मुलं दोन बाजूंनी चालत होती आणि नानांना वाटत होतं की ती दोघं लहान आहेत, आपण त्यांना शाळेत सोडून पुढे जाणार आहोत. मग थोरलीच्या हातावरची शीर त्यांना दिसली आणि ते भानावर आले. भानावर यायला त्यांना फारसं आवडत नसे, पण आज यायला हवं होतं.

पहारेकऱ्याने त्यांना बघून बिडी विझवली आणि काही न विचारता फाटक उघडलं.

दुसऱ्या मजल्यावरचं ते लांबलचक दालन रिकामं होतं. संगणकांवर प्लास्टिकची आवरणं होती. खुर्च्यांच्या पाठींवर स्वेटर आणि कोट टांगलेले होते, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखे. त्यातला एक तर नानांच्या काळापासूनचा असावा. भिंतीवर निरनिराळ्या वर्षांची कॅलेंडरं. फुटक्या झरोक्यातून धुकं आत येऊन कपाटांच्या माथ्यावर पसरलं होतं. पाच जणांच्या पावलांचा आवाज पुढे जायचा आणि दुसऱ्या टोकाला जाऊन कुणीतरी चालत असल्यासारखा परत यायचा.

नाना आपल्या जुन्या खुर्चीत बसले. ती आता मुलाची होती.

"तुमच्या आईला माहीत आहे," ते म्हणाले. "तुम्हाला मी कधी नीट सांगितलं नाही. तेव्हा एकच सही असायची. नवं सभागृह बांधलं होतं. माझे साहेब तपासायला गेले. चांगला माणूस, मला पोटच्या पोरासारखं वागवायचे. त्यांना गुडघेदुखी होती, म्हणून खालूनच बघून सही केली. पहिल्याच कार्यक्रमाला छप्पर आलं खाली. मी दुसऱ्या दिवशी तिथे गेलो होतो. खुर्च्या तशाच रांगेत होत्या, फक्त सगळ्या बसक्या झालेल्या. साहेब पुन्हा कधी कुणाशी बोलले नाहीत. मी तेव्हा अगदीच कनिष्ठ, पण हट्ट धरला की एकाने बघितलं की दुसऱ्यानेही वर चढायचं. त्याचं तपासून बघायचं. वरच्यांनी ऐकलं."

मग त्यांनी मुलाला विचारलं, अगदी साधेपणाने, "तू शेवटचा छपरावर कधी चढलास?"

धाकटा कपाटाला टेकून उभा होता. "नाना, विभागाला गाडी नाही. माणसं निम्मी. पहिल्या तपासणीवाला मोबाईलवर फोटो पाठवतो. आम्ही त्याची सही आहे का बघतो. असली की आमची करतो."

"आणि तो चढतो का?"

"त्याला वाटतं, आपल्यामागे दुसरी तपासणी आहे."

नाना हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी शालीच्या टोकाने टिपलं. "म्हणजे एकाच्या जागी आता दोघं खालूनच बघतात. मी दुसरा माणूस मागितला होता, अरे. दुसरं पेन नव्हतं मागितलं." मग ते थोरलीकडे वळले. "काढून टाक गं. माझ्याकडे बघून थांबू नकोस."

थोरली आतून हलली. सकाळपासून तिने या माणसाशी भांडायची तयारी केली होती.

"आता तू बोल," ती भावाला म्हणाली. "नानाही माझ्या बाजूला आले. तू कशाला धरून ठेवतोयस? खरं सांग. खुर्चीचं नको सांगू."

धाकट्याने खिडकीकडच्या एका टेबलाकडे बोट केलं. "तिथे लंबू बसायचा. आठवतो तुला? आपल्याकडे यायचा, दारात वाकून आत शिरायचा. त्याने एका विधवेचं घर बघितलं, चांगलं होतं, बाई रस्त्यावर राहत होती म्हणून त्याने आमच्या सगळ्यांच्या सह्यांची वाट न बघता परवाना दिला. घराला काहीही झालं नाही. अजून उभं आहे. पण लंबूची चौकशी लागली. निवृत्त झाला तरी चालूच होती. पेन्शन अडकली. तो समोरून आला की आम्ही रस्ता बदलायचो. मीसुद्धा." तो बहिणीकडे वळला. "तू सांग, उशीर केला म्हणून आजवर कुणाला शिक्षा झालीये?"

"नाही."

"हो म्हटलं म्हणून होते. थांबा म्हटलं म्हणून कधीच नाही. या नऊ सह्या म्हणजे काय आहे माहितीये? नऊ जणांनी अंधारात एकमेकांचे हात धरलेत. काही झालं तर कुणा एकाचं नाव नको. तू म्हणतेस, हात सोडा आणि एकट्याने उभं राहा. कोण राहील गं? तू इथे आणखी वर्षभर असशील. मग तुझी बदली होईल. आम्ही इथेच."

थोरली एका टेबलाच्या कडेवर बसली. बराच वेळ ती समोरच्या प्लास्टिकच्या आवरणावर बोटाने रेघा ओढत राहिली.

"कोणीच नाही राहिलं," ती म्हणाली. "जेवताना सांगितलं नाही मी. आदेशात 'सक्षम अधिकारी' असं लिहिलंय, आणि त्याच्यापुढे नाव रिकामं आहे. बारा जणांना विचारलं. एकाची पाठ धरली, एकाची मुलगी परीक्षेला बसलीये, एकाने तर माझ्यासमोर रक्तदाब मोजून दाखवला. उद्या सचिवांनी सही केली तरी पुढे काही होणार नाही."

"म्हणजे मला काम बंद करायची गरजच नाही!" धाकटा म्हणाला, आणि दोघं बहीणभाऊ एकदम हसत सुटले. लहानपणी नानांच्या ऑफिसात येऊन शिक्क्यांनी हात रंगवायचे तेव्हा हसत, तसं. त्या रिकाम्या दालनात ते हसू गरगरत राहिलं.

ते विरलं तेव्हा धाकटा आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "माझं लिही."

"काय?"

"नाव. माझं लिही तिथे."

पहिल्यांदा बोलली ती सून. "नाही हं." ती पुढे आली. नानांसमोर ती त्याला नेहमी तुम्ही म्हणे, ते आता राहिलं नाही. "तू नाही. दुसरं कोणीतरी बघा ताई. याला झोप लागणार नाही. गॅस बंद केला का म्हणून तीनदा उठून बघतो हा!"

"अगं, तुझ्याच आईसाठी—" थोरली म्हणाली.

"माझ्या आईसाठी दुसऱ्या कुणाचा तरी नवरा बघा!" असं म्हटलं आणि तिचं तिलाच ऐकू आलं. ती एका खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर धरून उभी राहिली.

"बरोबर बोलते ती," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम बोर्डावरचा झाला, सपाट, सभ्य. "माझ्या मुलाला एकट्याला पुढे करू नका. तुझं काय, थोरले, तू जाशील पुढच्या खात्यात. त्याची चौकशी लागली तर मला या वसाहतीत तोंड कुठे दाखवू? थोडं थांबा. कुणीतरी मिळेल."

"आई, तुम्हीच म्हणालात," सून हळूच म्हणाली, "थोडं थांबा."

आईने तिच्याकडे बघितलं. मग कानावरून पदर सारखा केला आणि खाली बसली.

थोरलीला वाटलं, आपणही भावाला नको म्हणावं. परक्या माणसाचं नाव तिने आनंदाने लिहिलं असतं. तिने इतकी भाषणं केली होती, लोकांना बदल नको असतो म्हणून. आता या पाच जणांपैकी प्रत्येकाला बदल हवा होता, आणि पाचांपैकी कुणालाही तो आपल्या माणसाच्या हाताने नको होता.

"नाना, तुम्ही सांगा याला," ती म्हणाली.

नाना खुर्चीत मागे रेलले होते. डोळे मिटलेले. त्यांना शिडीचा वास येत होता, ओल्या लाकडाचा, आणि वर गेल्यावर अचानक लागणारा वारा. "भीती वाटली की वर नीट बघतो माणूस," ते म्हणाले. "मला शेवटपर्यंत वाटायची. त्याला नाही म्हणणार नाही मी."

*

सोमवारी संघटनेची बैठक तळमजल्यावरच्या उपाहारगृहात झाली. धाकटा उभा राहिला आणि म्हणाला, की त्या रिकाम्या जागी मी माझं नाव दिलं आहे आणि अध्यक्षपद सोडतो आहे. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं, असं त्याला वाटलं. सगळे आपापल्या चहाकडे बघत राहिले. शेवटी शेजारच्या टेबलावरचा त्याचा जुना सोबती उठला, त्याला मिठी मारली आणि अध्यक्षपद घेतलं. संप मागे घेतला गेला, कारण तोवर सचिवांनी आदेशात एक ओळ वाढवली होती: ही पद्धत प्रायोगिक तत्त्वावर राहील, आणि अनुभव येईपर्यंत जुनीही चालू राहील. म्हणजे नऊ सह्यांच्या शेजारी दहावी आली. कुणाचं काहीच गेलं नाही म्हणून सगळ्यांनी तिचं स्वागत केलं.

थोरलीचं कौतुक झालं. त्यानंतरच्या बदल्यांत तिला बढती देऊन दीपगृहांच्या खात्यात पाठवलं. तिच्या जागी आलेला गृहस्थ फार गोड होता. त्याने आल्या आल्या अहवाल मागवला.

धाकट्याला एका सहीच्या परवान्यासाठी वेगळी खिडकी मिळाली, पण तिच्याकडे पहिले कितीतरी दिवस कुणी फिरकलं नाही. लोकांना वाटे, जिथे एकच सही लागते तिथे काहीतरी गोम असणार. मग एक शिंपीण आली, केवळ जुन्या रांगेत उभं राहायला तिला वेळ नव्हता म्हणून. धाकट्याने नानांची शिडी काढली. तिचं घर गल्लीच्या टोकाला होतं. तो वर चढला, छताला कान लावून ठोकून बघितलं, कोपऱ्याकोपऱ्यात बोट फिरवलं, पाणी ओतून ते कुठे जातं ते बघितलं. खाली उतरला आणि सही केली. कागदावर आजूबाजूला इतकी पांढरी जागा होती की त्याला आपलं नाव उघड्यावर उभं असल्यासारखं वाटलं.

त्याच्या सासूबाईंचा अर्ज त्याच्या खिडकीवर चालला नसता. नातं आड आलं. तो जुन्याच वाटेने, सहाव्या टेबलापर्यंत पोचला होता. सुनेने त्याबद्दल एकदाच विचारलं, मग नाही विचारलं. रविवारी ती जाऊन ते कुलूपबंद घर झाडून येई.

एका सकाळी शेजारच्या टेबलावरचा नवा अध्यक्ष खुर्ची सरकवून जवळ आला. "वर चढताना भीती वाटते का रे?"

"वाटते."

"सही करताना?"

"त्याहून जास्त."

तो थोडा वेळ टाचणी वाकवत बसला. मग म्हणाला, "उद्या मी येऊ का बरोबर? तसं काही नाही. नुसतं बघायला."

धाकट्याने संध्याकाळी थोरलीला फोन लावला. तिच्याकडे वारा इतका होता की त्याला सगळं दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावरही तिने फोन ठेवला नाही. पलीकडून समुद्र ऐकू येत राहिला.

त्या रात्री वादळी वारा सुटला. धाकटा उजाडता उजाडता उठला, बायकोला न उठवता बाहेर पडला. पुन्हा तसंच धुकं होतं, रस्त्यावर तुटक्या फांद्या पडल्या होत्या. तो शिंपिणीच्या गल्लीच्या टोकाशी आला तेव्हा त्याला कुणीतरी समोर उभं दिसलं, मान वर करून. जवळ गेल्यावर कळलं, नाना आहेत. अंगावर शाल, पायांत उलटसुलट बूट.

"तुम्ही कसे आलात?"

"तूही आलासच की."

दोघं शेजारी शेजारी उभे राहून वर बघत राहिले. छप्पर धुक्यात कधी दिसे, कधी नाहीसं होई. आतून शिलाई यंत्राचा आवाज येत होता. मग तो थांबला, दार उघडलं, आणि शिंपीण टेप गळ्यात अडकवून उंबऱ्यात आली. चष्मा नव्हता, धुकं होतं, तिने धाकट्याला ओळखलं नाही.

"कोण पाहिजे?"

"कोणी नाही," धाकटा म्हणाला. "घर बघत होतो."

तिने दोघांना वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"विकायचं नाहीये," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.